शेतकऱ्याच्या घरात विकतचं माळवं

मेथीच्या पेंडीवरून दोन रुपये तोडणारा माणूस बचत करत नाही. पहाटेच्या दवात वाकून ती मेथी उपटणारी, सुतळीनं पेंड्या बांधणारी आणि जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तुळजापूरच्या बाजाराला येणारी बाई त्या दोन रुपयांनी गरीब होते. घेणारा काही श्रीमंत होत नाही. तेच दोन रुपये तो संध्याकाळी चिप्सच्या पुड्यावर छापील किमतीत देऊन येतो, आणि तिथं तोंडातून शब्द काढत नाही.

भाजीपाल्याचा खर्च कमी करायचाय ना? मग आधी पैसा कुठं जातो ते बघा. तो पेंडीत जात नाही. बेमोसमी भाजीत जातो. सोलापूरच्या फेऱ्यात जातो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सडतो. आणि आपल्या भागात गेल्या काही वर्षांत तो सोयाबीनच्या तासांमध्ये पेरला जातो. त्यावर पुढं येतोच.

आधी हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं असावीत, असं त्यात आहे. माणशी अर्धा किलो. चौघांच्या घराला रोज 2 किलो, महिन्याला 60 किलो. सरासरी 50 रुपये किलोचा भाव धरला तर महिन्याचे 3000 रुपये. सरासरी 30 वर आणता आली तर 1800. महिन्याला 1200 रुपयांचा फरक, म्हणजे वर्षाला 14,400. आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा. महाराष्ट्रात रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. एकट्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरानं 50 च्या भावानं 2 किलो माळवं आणि फळं घेतली, तर रोजाचा तिसरा हिस्सा तिथंच संपला. मग त्या घरात काय शिजतं? बटाटा, नाहीतर तेलात कालवलेलं तिखट. म्हणून भाजीचा भाव ही पोरांच्या रक्तातल्या लोहाची गोष्ट आहे, आणि तिच्यावर लिहिताना मला राग येतो.

आपल्या भागाला मोसमात खायचं कसं हे शिकवावं लागत नाही. शिकवलेलं विसरलोय, एवढंच. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या पट्ट्यात गावंच्या गावं रिकामी होऊन शेतात जातात. कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते आणि पंगत बसते. बाजरीचे उंडे, आंबील, खिचडा, खीर, आणि या सगळ्यांची मालकीण भज्जी. तिच्यात तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, कांद्या-लसणाची पात, चिंचेचा कोळ आणि बेसन. शिवारात त्या आठवड्यात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात. त्या दिवशी कोणी विचारत नाही की ढोबळी मिरची कुठाय. कारण शिवारात ती नसते आणि तिच्यावाचून काही अडतही नाही.

येळवशीनंतर आठवड्याभरानं तुळजापुरात शाकंभरी नवरात्र बसतं. पौष शुद्ध अष्टमीला घट, पौर्णिमेला सांगता. अनावृष्टीत सगळं करपून गेलं तेव्हा देवीनं आपल्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला जगवलं, ही देवी माहात्म्यातली कथा. दुष्काळी मुलखाची कुलदेवता भाजीपाल्याची देवी म्हणूनही पुजली जाते, आणि तिचा उत्सव येतो तो नेमका भाजीपाला वर्षात सगळ्यात मुबलक आणि स्वस्त असतो त्या दिवसांत. याच सुमाराला भोगी: बोरं, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, वरून तीळ. अमावास्येपासून संक्रांतीपर्यंतच्या या सणांनी आपल्याला अख्ख्या हिवाळ्याची खरेदीची यादी दिलीय. ती ज्यांनी बसवली त्यांना बाजार कळत होता, जमीन कळत होती आणि पोटही.

आणि आपण काय करतो? जानेवारीत करडईची कोवळी भाजी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, शेपू समोर ढिगानं पडलेला असताना भेंडी मागतो. थंडीत भेंडी कमी लागते, म्हणून महाग. मे महिन्यात मेथी मागतो. पितृपंधरवड्यात गवार, कारली, भेंडी, अळू या ठरलेल्या भाज्यांवर सगळं गाव एकाच वेळी तुटून पडतं, भाव चढतात, आणि तसेच चढलेल्या भावात नवरात्राचा बटाटा आणि रताळी येतात. पितरांच्या पानात एक फोड कारल्याची ठेवा, हवं तर. पण पंधरा दिवस घराच्या रोजच्या ताटाला त्याची सक्ती कशाला? त्याच दिवसांत बांधावर तरोटा जून होत आलेला असतो, अंबाडी कमरेएवढी वाढलेली असते, तुरीच्या तासात शेंदाडं पिकलेली असतात. त्यांना भाव नाही, म्हणून त्यांना मानही नाही.

फळांचंही तेच. दवाखान्यात माणूस बघायला जायचं तर चार सफरचंदं हवीतच. हिमाचल नाहीतर काश्मीरचं, शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेलं, मेण चोळलेलं फळ आपण प्रतिष्ठेपोटी घेतो. हिवाळ्यात हातगाडीवर पेरूचा डोंगर असतो. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहूनही कितीतरी जास्त, सफरचंदात नावापुरतं. सफरचंदाच्या एका किलोच्या पैशात पेरूचे तीन-चार किलो येतात. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ फुकट वाढतं. आषाढातलं जांभूळ, पौषातली बोरं, माघातला आवळा, उन्हाळ्यातलं कलिंगड. शाळेच्या डब्यात पोराला मूठभर बोरं द्यायला आईला लाज वाटते, ही लाज कोणी शिकवली?

आता फेऱ्याची गोष्ट. तुळजापूर ते सोलापूर साधारण 45 किलोमीटर. आपल्या शिवारातला टोमॅटो कॅरेटात भरून रात्री सोलापूरला जातो, पहाटे सौदा होतो, आणि त्यातलाच काही माल किरकोळ विक्रेत्याच्या टेम्पोतून उजाडायच्या आत परत याच रस्त्यानं वर येतो. जाताना गाडीभाडं, हमाली, तोलाई. येताना अडत, पुन्हा हमाली, पुन्हा गाडीभाडं, वर नासाडी. टोमॅटोनं प्रवास केला, किंमत वाढली, चव मात्र कमीच झाली. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा हिशेब मांडला आहे. गिऱ्हाईक टोमॅटोसाठी एक रुपया देतं, तेव्हा शेतकऱ्याला सुमारे 33 पैसे मिळतात. कांद्यात 36, बटाट्यात 37. उरलेले दोन तृतीयांश वाटेत.

आणि ज्याला हे आकडे कोरडे वाटतात त्यानं शेजारच्या बार्शी तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याला आठवावं. फेब्रुवारी 2023. त्यानं 512 किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला, रुपया किलोनं गेला, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं कापून हातावर आला 2 रुपयांचा धनादेश. तोही पुढच्या तारखेचा. त्या आठवड्यात तुम्हाला-मला कुठं रुपया किलोनं कांदा मिळाला होता? नाही मिळाला. शेतकऱ्याचा भाव पडला म्हणून आपलं ताट स्वस्त होत नाही, आणि आपलं ताट महागलं म्हणून त्याची चूल पेटत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाजारातल्या बाईशी भांडायची इच्छाच मरते. स्वस्ताई हवी असेल तर ती त्या मधल्या 63-67 पैशांतून काढावी लागेल. म्हणजे जो माल सोलापूरला गेलाच नाही तो घ्यायचा.

तो ओळखायचा कसा? अवघड नाही. गावाकडून आलेल्या बायकांकडं काटा नसतो. त्या वाट्यानं विकतात, पेंडीनं विकतात. माल थोडा असतो, चार-पाच जातींचा असतो, आकार एकसारखा नसतो, मुळांना माती असते. वांगं एक लहान, एक मोठं, एकाला कीड. हेच तुमच्या तालुक्यातलं माळवं. एकसारख्या मापाचे, चकचकीत टोमॅटो रचलेली गाडी दिसली की समजा, तो मोठ्या बाजारातून आला. त्या गाडीवाल्याचंही पोट आहे, त्याच्याशी वैर नाही. पण पहिला पैसा मातीवाल्या मुळांना द्या.

दिवस मावळतीला वाट्यांचे भाव उतरतात. शेवटची एसटी चुकली तर त्या बाईला जीपला जादा पैसे मोजावे लागतात, उरलेली भाजी परत नेऊन उपयोग नाही. "घ्या की ताई, तीस रुपयांत समदं घ्या," म्हणते ती. ही वेळ गिऱ्हाइकाची असते आणि इथंच माणसाची परीक्षा होते. तिनं स्वतःहून उतरवलेल्या भावात सगळं घ्या, पिशवी नसेल तर तिचं फडकं उद्या परत करा, पण त्या तिसाचे वीस करू नका. सगळं घेतलं तर एका घराला जास्त होतं, हे खरं. म्हणून भागीत घ्या. गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकीनं बाजार करावा, पुढच्या खेपेला दुसरीनं. पाटीभर माल एकदम उचलला की विकणारी आनंदानं भाव कमी करते, कारण तिचा वेळ वाचतो. हा फायदा दोघींचा. घासाघिशीत फक्त एकीचा असतो.

आणि काटा. गावच्या म्हातारीच्या वाट्यात चार काकड्या कमी निघाल्या तर डोळे वटारणारे आपण, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्या काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर पिशवीत मिठाचा 1 किलोचा न फोडलेला पुडा ठेवा आणि आधी तोच काट्यावर ठेवायला सांगा. 1 किलोत 100 ग्रॅम कमी देणारा काटा तुमच्या भाजीच्या खर्चातला दहावा हिस्सा खातो. पेंडीवरचे दोन रुपये तोडून तो भरून निघत नाही.

घरात आलेली भाजी फेकली जाते त्याबद्दल फार बोलत नाही, कारण प्रत्येकाला आपापलं माहीत आहे. कांदा-बटाटा एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. कोथिंबीर धुऊन ठेवू नका, कोरड्या फडक्यात गुंडाळा. पालेभाजी आणली त्या रात्री निवडा, आठवड्याची एकदम आणू नका. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याचं कोरड्यास, फ्लॉवरच्या दांड्यांची आमटी. हे आपल्या आज्यांना गरिबीमुळं येत होतं असं समजू नका. ते चवीमुळंही येत होतं.

वाळवणावर मात्र थोडं थांबतो. तुळजापूरच्या उन्हाळ्याला आपण शिव्या देतो, पण एप्रिल-मेचं हेच ऊन भाजी टिकवतं, बिनपैशाचं, आणि लाइट गेली तरी चालतं. हरभऱ्याचा पाला हिवाळ्यातच वाळवून डब्यात भरला की आषाढापर्यंत पुरतो. गवार, कारल्याच्या चकत्या, मेथी, अंबाडी, सांडगे. भाजी महाग असते ते महिने ठरलेले: मे, जून, आणि पावसानं ओढ दिली तर जुलैही. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या कितीतरी पुढं गेला आणि केंद्र सरकारला स्वस्त टोमॅटोच्या गाड्या शहरांत उभ्या कराव्या लागल्या. चिंचेचा कोळ, आंबट चुका आणि अंबाडी असलेल्या स्वयंपाकघराला टोमॅटोसाठी रांगेत उभं राहायचं कारण काय? आंबटपणा आपल्या मातीत टोमॅटोच्या आधीपासून आहे.

आता सोयाबीन. सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली होती. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी पाच एकराचा मालक असतो आणि त्याची बायको आठवडी बाजारात पावशेर गवार मोजून घेत असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे दृश्य दुर्मिळ होतं. ज्वारी-तुरीच्या तासात बाया आपल्या ओट्यातलं बी टाकत जायच्या: अंबाडी, भेंडी, चवळी, कारलं, वाळूक, भोपळा. मालक ज्वारीचा हिशेब ठेवायचा, माळव्याचा हिशेब बाईचा. घरात भाजी विकत येत नसे, उलट चार पैसे सुटत. मग खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आलं. त्याच्यावर तणनाशक आलं. तण म्हणून जे मेलं त्यात घोळ होती, तांदुळसा होता, केना होता, कुर्डू होता, पाथरी होती. फुकटची भाजी औषध मारून संपवली, आणि मग तिच्याऐवजी विकतची आणली. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बी-खताच्या उधारीत जातो. भाजी रोज लागते. ज्या वर्षी सोयाबीनचा भाव पडतो त्या वर्षी शेतकऱ्याच्याच ताटातून भाजी जाते. शेतकऱ्याच्या घरात विकतचं माळवं, यापेक्षा मोठी हार शेतीची नसेल.

पण ही हार याच तालुक्यातल्या बायकांनी मानलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था इथं रुजली. मागच्या दशकातल्या दुष्काळात संस्थेबरोबरच्या बायकांनी एक साधी मागणी घरात लावून धरली: नवऱ्याच्या, सासऱ्याच्या जमिनीतली अर्धा-एक एकर आमच्या मनानं पेरू द्या. सगळी नको, एकच. त्या एकरात त्यांनी एक पीक घेतलं नाही. कडधान्यं, ज्वारी-बाजरी, पालेभाज्या, वेलभाज्या असं मिसळून, थोड्या पाण्यावर, घरच्या शेणखतावर घेतलं. पहिला वाटा घराच्या ताटाला, उरेल ते बाजाराला. धाराशिव, लातूरच्या गावांमध्ये ही एक एकराची शेती पसरली, आणि 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. भाजीवरचा खर्च वाचवायचा याहून खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही. यात ना अडत, ना हमाली. आणि पोरांना रोज हिरवं.

शेत नसलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं अळू आणि केळ. दाराशी एक शेवगा: शेंगाही, पालाही, फुलंही. गच्चीवर फुटक्या बादलीत पुदिना, कोथिंबीर, मिरची. शाळांच्या परसबागांत पोरं वांगी लावतात आणि ती खिचडीत पडतात, तिथं जाऊन बघा. तणनाशक न मारलेला बांध ओळखीचा असेल तर पावसाळ्यात घोळ आणि तांदुळसा आजही मिळतो. न ओळखता मात्र काही खुडू नका, जाणत्या बाईला बरोबर घ्या.

राहिलं सरकारचं. 2016 साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकऱ्यानं थेट विकावं म्हणून. त्याच साली शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान आलं, आणि त्याला नाव दिलं संत सावता माळी यांचं, म्हणजे इथून जवळच्या माढा तालुक्यातल्या अरणच्या माळ्याचं. कायदा झाला, नाव मिळालं. आता तुळजापुरात पहिला बाजार शाकंभरी नवरात्रात भरवा. लाखोंच्या पायांनी पावन होणाऱ्या या गावात त्या आठ दिवसांत येणाऱ्या भाविकांना आणि गावकऱ्यांना तालुक्यातल्या बायकांनी पिकवलेली भाजी थेट मिळू द्या, आणि मग तो दर आठवड्याला ठरल्या वेळी चालू ठेवा. संध्याकाळच्या एसटीच्या वेळा त्याच्याशी जुळवा. जागा मंदिर संस्थानाची असो, नगरपरिषदेची असो की बाजार समितीची. बायकांना बसायला ओटा हवा, वर सावली हवी, प्यायचं पाणी हवं, स्वच्छतागृह हवं, आणि मधोमध शिक्का मारलेला एक मोठा काटा हवा, ज्यावर कोणालाही आपली पिशवी फुकट मोजून घेता येईल.